चंदेरी कोटातला माणूस

कोईमतूर, दि. १८ नोव्हेंबर १९९६

आणि घोंगडीचं म्हणशील तर ती मी परत मागितलीच न्हाय, कुठं हाय एवढंच इचारलं. त्यावर तू लिवतीस, "घोंगडी माझ्या आज्याची, तुमच्या बापाची न्हाय." बरं. आज्याची तर आज्याची. पण माहेरी जाताना दोन लुगडी कऱ्हाटीत आपल्या घरी ठेवलीस आन् घोंगडी तेवढी उचलून नेलीस, यात इचारण्यासारखं कायच न्हाय व्हय? थंडीला नेली म्हणतीस. दसऱ्याला कुठली आलीया थंडी?

आणखी एक. तुझ्या पत्राच्या कोपऱ्याला हळदीचा डाग हाय. नखानं खरवडला, वास घेतला. हळदच. तू म्हणशील देवाचा भंडारा, आपल्या घरात कुणाचं बोट पिवळं नसतं? आसंल. पण मागच्या पत्राला डाग न्हवता, ह्याच पत्राला कसा आला? आन् संध्याकाळी घरात माणसं किती नि तू ताटं किती घासतीस, हे मी कवाच इचारलंय. त्याला उत्तर न्हाय. ज्याचं उत्तर टाळत्यात त्यातच काय तरी आसतं.

मी संशयी झालोय म्हणतीस. झालोय. हितला धंदाच तसला. सोनं गाळायचं दुकान. बाईनं गळ्यातलं काढून दिलं तर मालक तिच्या तोंडाकडं बघत न्हाय, आधी कसोटीच्या दगडावर घासतो, वर तेजाबाचा थेंब सोडतो. पितळ आसलं की हिरवं उकळतं. आन् आमी गडी सुटलो की दारात उभं ऱ्हाऊन कापडं झटकायची, नखं दावायची, केसातनं हात फिरवायचा. झाडलेली धूळसुदीक मालक आप्पासाहेब पोत्यात भरून ठेवत्यात, तिच्यातनंबी सोनं निघतं. आसल्या ठिकाणी राबल्यावर माणूस धुळीला नुसती धूळ समजत न्हाय.

आता खरी गोष्ट. सोपान दिवाळी करून आला. सोपान म्हंजे माझ्याबरुबर भट्टीवर आसतो तो, तुझ्याच इंदापूर भागातला. च्या पिता पिता म्हणला,

"गेण्या, तुझ्या सासुरवाडीच्या माळावर एक बाबा फिरतोया. चंदेरी कोट, पार पायापातूर."

"कोण?"

"मला काय म्हाईत. टकुऱ्यावर बी काय तरी चकाकत हुतं. एस्टीतनं बघितला. तुझ्या सासऱ्याच्या मेंढरांमागं हुता."

"आन् सारजा?"

"ती न्हवती. माझी भन म्हणली, कोटवाला आसला की सारजा दिसत न्हाय, आन् सारजा आली की कोटवाला गडप. लोक हासत्यात."

लोक हासत्यात, सारजा. हितं ती भट्टी हजार अंशावर आसती, पण त्या बोलण्यानं जेवढा चटका बसला तेवढा तिनं कधी दिला न्हाय. कोण हाय तो? नाव, गाव आन् कुणाचा कोण, तिन्ही लिव.

गेणू


कोईमतूर, दि. ११ डिसेंबर १९९६

"चंद्रावरचा हाय. काम झालं की जाईल."

एवढं लिवायला तू बारा आण्याचं आंतरदेशी वाया घालवलंस? मी ते पत्र सोपानला दावलं. तो पोट धरून हासला नि म्हणला, "चंद्रावरचा आसला तर गेण्या, तुला त्याची भाऊकी हुडकता येणार न्हाय." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो न्हाय.

खाली बारीक अक्षरात खरं लिवलंस ते बरं केलंस. राजवर्धन पिक्चर काढतोय म्हणं. राजवर्धन म्हंजे त्या गुऱ्हाळवाल्या बागायतदाराचाच ना? इंदापूर स्टँडजवळ ज्याचं लगनाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान हाय? आपल्या लगनाला त्यालाच सांगणार हुते तुझे तात्या, पण परवडला न्हाय. त्याचा कॅमेरा हाय, बापाची शेती हाय, लगनसराईला आजून अवकाश हाय, मग काढणारच पिक्चर. 'चांदवाला आला माळाला'. नाव वाचून मला हासू आलं, आन् हासू आलं म्हणून राग आला.

कारण हे तुला चांगलं म्हाईत हाय की आसल्या पिक्चरला मी कुठं इरघळतो. कऱ्हाटीच्या जत्रेत व्हिडिओचा तंबू लागलेला, आपलं लगीन होऊन म्हैना झाला नसंल. इंग्रजी पिक्चर, कुणाला एक शबूद कळंना. यंत्राचा माणूस गावात शिरतो, बंगलं पाडतो, आन् पळताना त्याच्या पत्र्याच्या पायातली चप्पल निसाटती. निळ्या पट्ट्याची चप्पल! तो वाकून ती घालतो आन् मग पुन्हा बंगलं पाडाय लागतो. तू तोंडात पदर कोंबून एवढी हासलीस की म्होरची बाई मागं वळून बघाय लागली. घरी येताना तू म्हणलीस, "चप्पल दिसली तरी तो पुन्हा उठल्यावर भ्या वाटलंच की वं." मी त्या वाक्यावर आजून इचार करतो. 

हितंबी ऐतवारी दुपारी बघतो. एक पत्र्याचं थेटर हाय, पाच रुपयं. मला तमीळ येत न्हाय, इंग्रजी येत न्हाय, म्हणून मारामारीचं नि रडायचं पिक्चर मी सोडून देतो. त्यात कोण कुणावर का रडतंय ह्याचा पत्ता लागत न्हाय. पण राक्षसाच्या पाठीची चेन दिसली, की ते सगळ्या भाषेत कळतं. कोबीच्या गड्ड्याएवढ्या डोक्याची माणसं आभाळातनं उतरत्यात, उतरताना दोरी दिसती, खालचं मैदान म्हंजे कुणाच्या तरी घरची चादर, चादरीला सुरकुती. त्या लोकांनी पैशाबिगर आभाळ तयार केलं, आन् आपल्यालाच इचारलं की बाबा, येवढं धरून चालतोस का? मी धरून चालतो. मोठ्या पिक्चरमधी ते आपल्याला फसवत्यात. ह्यात फसवत न्हाईत, गळ घालत्यात.

पण माझ्या बायकूनं माझ्याच आवडीच्या पिक्चरमागं काय तरी लपवावं, हे मी धरून चालणार न्हाय.

तू लिवतीस, "मी पिक्चरमधी मेंढरं सांभाळते." बरं. आन् कोटात कोण? तर "तुमच्या वळखीचा हाय." म्हंजे कोण? तुझा भाऊ राम आसंल तर रामचं नाव लिवायला काय झालं? राजवर्धन सोता आसंल तर कॅमेरा कोण धरतो? मी वळखीच्या सगळ्या गड्यांची नावं मनात घेतली, एकेकाला कोट चढवून बघितला. दोघातिघांना बरा बसतो. झोप गेलीया.

नाव लिव.

गेणू


कोईमतूर, दि. १३ जानेवारी १९९७

तुझ्या बापाचं पत्र आलं. रामच्या अक्षरात हाय पण बोलणं तात्यांचं. "जावईबापू, पोरीला नांदवायची न्हाय तर तसं सांगा. दोन वर्सं तुमी तिकडं, आन् हिकडं नुसती पत्रावर पत्रं, त्यात एक गोड शबूद न्हाय. माघी पुनवेला देवळाम्होरं बैठक बोलावलीया. कऱ्हाटीची चार नि आमची चार जाणती माणसं बसतील. या, न्हायतर काडीमोड झाली आसं समजा."

बघ. म्हंजे बैठक त्यांनीच बोलवायची, आरोपी मीच. आन् चंदेरी कोट त्या बैठकीत बसणार का, बोलवणाऱ्यांच्या बाजूला?

आप्पासाहेबांना सुट्टी मागाय गेलो. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं.

"कशाला?"

"बैठक हाय गावाकडं. काडीमोडीची."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"मग तुझी बाजू काय?"

मी म्हणलो, तिच्याकडं एक माणूस येतो. आप्पासाहेब म्हणले, "तू बघितला?" मी म्हणलो न्हाय, सोपानच्या भनीनं बघितला. आप्पासाहेबांनी हातातली सोन्याची लगड खाली ठेवली. "अरं लेका, दुकानात आलेलं सोनं दगडावर न घासताच तू पितळ म्हणून परत पाठवलं आसतंस, तर तुला त्याच दिशी हाकलला आसता." सोपान भट्टीकडं तोंड करून हासला. हासंना का.

मी काय ठरवलं हाय ते ऐक. मी येणार न्हाय. कागदावर लिवून पाठवीन की मला कबूल हाय. पण त्या कागदावर त्या माणसाचं नाव लिवीन आन् मग आठी जणांनी मोठ्यानं वाचावं. नाव कळल्याबिगर मी अंगठा उठवत न्हाय. सहीबी करत न्हाय. तुझं म्हणणं आलं की पिक्चर पुरा झाला, कॅसेट पार्सल केलीया, "बैठकीच्या आधी एकदा बघा आन् मग काय ते बोला." बघतो. चांगला डोळं फाडून बघतो. तुला वाटत आसंल मी हासंन नि विसरंन. मी आता हासायला बसणार न्हाय, सारजा. पुरावा शोधायला बसणार हाय.

गेणू


कोईमतूर, दि. २ फेब्रुवारी १९९७

आज ऐतवार. कॅसेट बघितली. आप्पासाहेबांच्या घरी टीव्ही हाय, व्हीसीआर भाड्यानं आणला. दुकानातले सगळे गडी आले, मला न इचारता. सोपाननं सगळ्यांना सांगितलं हुतं, गेण्याच्या बायकूच्या गावचा पिक्चर हाय. मालकीणबाईंनी भडंग केलं. मी भिताडाला पाठ लावून बसलो, कागद नि पेन्सील घेऊन.

सुरवातीलाच पडद्यावर गुलाबाची फुलं उमलली आन् सोनेरी अक्षरात आलं, 'शुभविवाह'. सगळे ओरडले, चुकीची कॅसेट! मग ती अक्षरं गेली नि खाली आलं, 'चांदवाला आला माळाला'. राजवर्धनकडं लगनाचंच मशीन, त्यानं त्यातच पिक्चर बसवला. त्यामुळं आभाळ दिसतं ते बदामाच्या आकारात. बदामातनं उडती तबकडी येती. ती मी झटक्यात वळखली. गुऱ्हाळाच्या दोन काहिली, एक सुलटी, तिच्यावर एक पालथी, मधी बारीक दिव्यांची माळ. विहिरीच्या रहाटाची दोरी लख्ख दिसत हुती. एका बाजूला काहिलीला गूळ चिकटलेला, त्यावर माशा. चंद्रावरनं माशा घेऊन आली तबकडी! 

कागदावर मी लिवलं: दोरी कोण धरतंय?

मग झाकण उघडलं आन् तो निघाला. पावसाळी कोटाला चंदेरी रंग मारलेला, तोंडावर वेल्डिंगवाल्याचा मुखवटा, डोक्यावर घमेलं, घमेल्याला टीव्हीच्या अँटेनाच्या दोन काड्या. पाठीला औषध फवारायचा पंप. तीच त्याची बंदूक. दांडा हापसायचा नि नळी धरायची. ज्याच्यावर फवारा पडतो त्याला खरं बोलावंच लागतं. माझ्या शेजारी बसलेला पोरगा पहिल्या फवाऱ्यालाच लोळाय लागला. मी न्हाय हासलो. मी त्याची चाल बघत हुतो. पाय फाकवून चालत हुता, खांदं वर. वळखीचा वाटत हुता पण नाव ओठावर येईना.

त्याची गोष्ट आशी की चंद्रावरची त्याची बायकू खाली माहेरी आलीया आन् ती परत येत न्हाय, म्हणून तो शोधाय आलाया. गाववाल्यांनी आधी त्याचा सत्कार केला. शाल, नारळ. शाल पंपावरनं बसंना. सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम करणारा म्हातारा म्हणला, "चंद्रावरचा आसंना का, सभासद हाय का ते बघा, मगच तक्रार घ्या." चांदवाल्यानं त्याच्यावर फवारा मारला तसा म्हातारा रडाय लागला नि सोसायटीच्या खुर्चीला खिळं कुणी ठोकलं ते सांगाय लागला. आप्पासाहेबांनी चष्मा काढून डोळं पुसलं.

मग तो घरोघर हिंडाय लागला. एका दारात म्हातारी भांडी घासतीया. चांदवाल्यानं तिच्या भांड्यांवर बॅटरी मारली. आवाज पाइपातनं आल्यागत खर्जातला.

"घरात माणसं चार. ताटं घासली पाच. पाचवं कुणाचं?"

"निवदाचं, मुडद्या!" म्हातारी म्हणली नि राख फेकली.

आन् मी हासलो. सारजा, मी हासलो. तोंडातलं भडंग उडालं. सगळ्यांच्या आधी हासलो, सगळ्यांच्या वर हासलो. आन् हासता हासता मधीच माझं तोंड उघडं ते उघडंच ऱ्हायलं. 

ताटं किती घासतीस. हे कुणी इचारलं हुतं?

पिक्चर थांबला न्हाय. चांदवाला देवळात गेला. तितं समद्यांच्या कपाळाला भंडारा. तो घाबरून मागं सरकला नि ओरडला, "सगळ्या गावाला हळद लागलीया! नवरा नक्की कोणता?" गडी टाळ्या पिटाय लागले. सोपान माझ्या पाठीत धपका मारून म्हणला, "कुणाच्या डोक्यातनं निघालं आसंल रं हे?" मग चांदवाला एका पोराच्या अंगावरची घोंगडी वढाय लागला, "दसऱ्याला कुठली थंडी? खरं सांग, आत कोण हाय?" आन् आत कोकरू. 

तवा मला चाल वळखू आली. पाय फाकवून, खांदं वर. ती माझी चाल हुती. माझी चाल कुणीतरी अंगात घातली हुती.

शेवटाला ते मेंढरांचं. फवाऱ्याचा धूर झाला आन् तात्यांची मेंढरं बुजली. ते पिक्चरमधलं न्हवतं, ते खरंच बुजलं हुतं. कॅमेरा हालला, राजवर्धनचा "आर्र आर्र" ऐकू आला. आन् चांदवाला पिक्चर इसरला. जिभेनं टकटक केलं, लांब हाळी घातली, मेंढरं जागच्या जागी उभी ऱ्हायली. एक नवं कोकरू मागं लंगडत हुतं. चांदवाल्यानं ते उचललं, आन् त्याचा डावा हात कंबरंपाशी गेला. तितं हात चाचपडला. पुन्हा चाचपडला. कोकरू ठेवायला वचा शोधत हुता. पावसाळी कोटाला वचा कुठला? मग त्यानं ते तसंच पोटाशी धरलं नि कॅमेऱ्याकडं बघून उभा ऱ्हायला.

गडी माणूस कोकरू खांद्यावर टाकतो. लुगड्याच्या वच्यात बाई घालती. हे त्या खोलीत मला एकट्याला ठावं हुतं, मी एकलाच धनगराचा, सोपानसकट बाकीचे सगळे शेतकरी. त्यांना वाटलं चांदवाला गारठला.

कागदावर पुढं काय लिवलं न्हाय.

हे समदं झालं ते झालं. आता माझं ऐक. तुझ्या मनात आसंल की गेणू आता पाया पडंल. न्हाय. मला दुसरंच इचारायचं हाय. माझी पत्रं तू त्या राजवर्धनला वाचाय दिलीस? मी तुला लिवलं हुतं. वाईट लिवलं आसंल, वाकडं लिवलं आसंल, पण तुला एकलीला लिवलं हुतं. आन् तू ते पंपात भरून गावावर फवारलंस? खोलीत दहा माणसं माझ्या बोलण्यावर लोळत हुती आन् त्यांना म्हाईत न्हवतं कुणावर हासतोय. तुझ्या गावात तर म्हाईत हाय. तिकडं मी कुठल्या तोंडानं बैठकीला यावं?

आणि विहिरीजवळच्या सीनमधी चांदवाला टीचभर उंच दिसतो. तो कोण?

गेणू


कोईमतूर, दि. १२ फेब्रुवारी १९९७

तुझं पत्र काल आलं. पहिल्यांदाच पुरं पान भरून आलं. मी ते आधी दगडावर घासलं, म्हंजे उन्हात धरलं, पाठीमागनं बघितलं, खाडाखोड कुठं हाय ते बघितलं. एकाच ठिकाणी हाय. तितं "मला" लिवून खोडलंयस. ते काय हुतं ते मी इचारत न्हाय.

"पत्रं कुणाला दिली न्हाईत. पत्रं पेटीत हायती. मला ती पाठ हायती, म्हणून म्हणून दावली." हे वाचून मी जेवायचा थांबलो. मला सोताला ती पाठ न्हाईत. मी लिवतो नि टाकतो. तू रागानं पाठ केलीस का कशानं, हे तू लिवलं न्हाईस. म्होरं लिवतीस, "सुरवातीला राजवर्धननं मला बायकूचं काम दिलं हुतं. चांदवाला राम हुता. पण रामला संशय घेताच येईना, त्याचं तोंडच तसलं गरीब. तो इचारायचा आन् सोताच हासायचा. मग मी म्हणलं, कोट हिकडं आण, संशय कसा घेत्यात मी दावते. पहिल्याच झटक्याला समदा माळ हासला. मला वाटलं हुतं मी रडंन. पण कोट घालून तुमचं बोलणं बोलताना मला कळाय लागलं, की हा माणूस चंद्रावर एकटा आसतो, खाली काय चाललंय ते त्याला दिसत न्हाय, म्हणून इचारतोय."

ह्याला मी काय म्हणू? खरं म्हणलं तर तू मला पुरता वळखलंस, आन् खोटं म्हणावं तर मी एकटाच आसतो की.

विहिरीजवळ उंच दिसलीस ते पाचटाच्या भाऱ्यावर उभी हुतीस म्हणतीस. आसंल. मी कॅसेट पुन्हा लावून बघितली, भारा दिसत न्हाय. ते मी तितं येऊन माप घेईन.

आता पिक्चरचं. तुझा पिक्चर चांगला हाय. हितले गडी दुसऱ्या ऐतवारी बी बघाय बसले, भाडं त्यांनी दिलं. दोरी आजिबात झाकू नका. माशाबी ऱ्हाऊ द्यात. पण शेवट न्हाय. चांदवाला कोकरू धरून उभा ऱ्हातो आन् एकदम गुलाबाची फुलं येत्यात. सोपान म्हणला, "आन् बायकू?" मालकीणबाई म्हणल्या, "व्हय की वं, बायकू गावली का न्हाय त्याला?" तू लिवतीस की तू कोटात गेल्यावर बायकूचं काम कराय गावात बाईच मिळाली न्हाय. हिची सासू नको म्हणती, तिचा नवरा नको म्हणतो. म्हणून बायकूबिगरच संपवला.

आन् तात्या बैठक मोडत न्हाईत, हेबी लिवलंस. "पुनवेला या. न आलात तर मी पुढं काय इचारणार न्हाय." हे वाक्य मी लई येळ वाचलं. माझ्यासारख्याला हेच्याएवढी भ्या घालणारी दुसरी गोष्ट न्हाय, की कुणी काय इचारणारच न्हाय.

तर मी येतोय. आप्पासाहेबांनी सुट्टी दिली, कापडं न झटकता सोडलं. तात्यांना सांग, बैठक मोडू नका. आठी जाणत्यांना बसू द्यात, देवळाम्होरंच. राजवर्धनला सांग कॅमेरा घेऊन ये, फुकटात आठ म्हातारे मिळत्यात, फेट्यासकट. आन् बायकूचं काम मी करतो.

हासू नको. आपल्याकडं बाईचं काम गड्यानं करायचं ह्यात नवीन काय हाय? माझा चुलत आजा सोंगात गवळण व्हायचा, ढोलावर नाचायचा आन् त्याला कुणी कमी म्हणलं न्हाय. मिशी काढणार न्हाय मी, पदरानं झाकीन. तू कोट घाल, पंप पाठीला लाव. बैठकीच्या मधोमध मला बसव आन् सगळं इचार. कोईमतुरात किती ताटं घासतोस. कपड्याला कुठली धूळ हाय. दोन वर्सं का आला न्हाईस. समद्यांच्या म्होरं इचार, माझ्याच चालीत, खांदं वर करून. पंपात पाणी आसलं तरी मी खरं सांगीन. मधीच मला उत्तर न सुचून मी गप बसलो तर राजवर्धननं कॅमेरा बंद करायचा न्हाय. मग जाणत्यांनी ठरवावं ह्या दोघांना एका तबकडीत बसवायचं का दोन तबकड्यांत.

तू काय ठरवशील ते मला ठावं न्हाय. पिक्चरमधी आपल्याला म्होरलं ठावं नसतं, तसंच धरून चालतो.

एक अडचण. कऱ्हाटीत ठेवलेली तुझी लुगडी मला पुरणार न्हाईत, मी बसल्या कामानं पोटाला सुटलोय. बाजाराच्या दिवशी इंदापुरातनं एक नऊवारी घे, ठसठशीत रंगाची, कॅमेऱ्यात उठून दिसंल आशी, हिरवी नको. दुकानदार "कुणाला?" म्हणून इचारील. त्याला खरं सांगू नको. राजवर्धनसाठी कोरी कॅसेट एक, त्याच्या जुन्या कॅसेटीवर कुणाचं तरी लगीन पुसलेलं दिसतं. आन् घमेल्याच्या काड्यांना नवा चंदेरी कागद. हे समदं माझ्या आधी पोचावं म्हणून तारेनं मनीऑर्डर केलीया, तुझ्या नावानं, पोस्टात रामला धाडू नको, तू सोता जा, रुपये तीनशे पंचवीस.